पात्याची सावली

आमच्या माळाला डोंगर म्हणायला जीभ अडते,
पण पाटोद्याकडून चढताना गुडघे म्हणतात.
वर नुस्ता काळा दगड, पिवळी कुसळ,
मधेमधे तरवड
आणि अठरा पवनचक्क्या.
अकरा नंबरच्या पायाशी माझी खुर्ची.
रजिस्टर, पाण्याचा कॅन, बॅटरी, शिट्टी.

चैत निम्मा सरला की तो दगडावर येतो.
वीतभर, त्यातली निम्म्याहून जास्ती शेपूट.
मातीच्या रंगाचा. बघत राहावं असं काही नाही अंगावर.
मग ऊन चढतं,
खुर्चीचा लोखंडी दांडा हाताला लागू देत नाही,
तेव्हा हा मागच्या पायांवर उभा राहतो
आणि गळा उघडतो.
निळा, त्यात काळा, त्यात शेंदरी.
एवढ्याशा जिवानं
एवढं कापड कुठं घडी करून ठेवलं होतं?

सरडा रंग बदलतो म्हणतात.
हा बदलत नाही.
असलेला दाखवतो
आणि परत ठेवून देतो.

समोरच्या दगडावर दुसरा. त्याचंही तेच.
भांडण म्हणावं तर कुणाला ओरखडा नाही.
मादी खाली कुसळीत मुंग्या टिपत असती,
जसं काही हे सगळं शेजारच्या गावात चाललंय.

अंबाजोगाईच्या कॉलेजातली सुलभा घोळवे
दोन उन्हाळे आली, टेप घेऊन.
सरड्याकडे सरळ चालत जायची,
तो पळाला की जागीच थांबून अंतर मोजायची.
पल्याडच्या बिनचक्कीच्या माळावर चौदा पावलं.
इथं चार.
एकदा तर दीड.
'मामा, इथल्यांची भीती कमी झालीय.
कापशी नाही, शिक्रा नाही, वरून येणार कोण?'
मी काही बोललो नाही.
रजिस्टरात पक्ष्यांचा रकाना आहे,
माझ्याच अक्षरात आहे : शिक्रा १, पात्याखाली.
सरड्यांना रकाना नाही.

पहिल्या वर्षी पात्याची सावली दगडावरून गेली
की तो फटीत.
बाहेर आला की पुन्हा सावली, पुन्हा फट.
दिवसातून हजारदा मरण यायचं अन् टळायचं,
खायचा कधी कोण जाणे.
मग एकदा सावली अंगावरून गेली
आणि त्यानं नुस्ता डोळा मिटला.
पुढं तेही सोडलं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी म्हण आहे.
कंपनीनं तार ओढली त्या दिवशी मी मुद्दाम बघत बसलो.
तो खालच्या तारेखालून तिकडं गेला,
काही तरी खाल्लं, परत आला.
तारेपाशी थांबलेला
मीच होतो.

गेल्या वैशाखात अकरा नंबर बंद पडली.
गिअर का काय. चेन्नईहून माणूस यायचा होता.
तीन दिवस पाती उभी.
कान इतके मोकळे झाले
की कुसळीला कुसळ घासल्याचं ऐकू यायचं.
तिसऱ्या दिवशी दुपारी तो दगडावर,
गळा उघडून.
सावली आली.
पात्याची नव्हती.
तो हलला नाही.
मी 'हाऽऽड' म्हणून ओरडलो,
कुणाला, ते आजही सांगता येत नाही.
दगड रिकामा.
रजिस्टरात लिहिलं : शिक्रा १, जिवंत.
साहेब म्हणाले, हे कशाला लिहिलं?

आखाडात भुई मऊ झाल्यावर
मादी खुर्चीच्या पायाशी उकरत होती.
अंडी ठेवली, माती लोटली,
मग नाकाडानं ठोकून ठोकून बसवली,
लिंपणाऱ्या बाईसारखी,
मधेच थांबून इकडंतिकडं बघत.
माझ्याकडंही बघितलं.
वर पातं फिरत होतं, त्याच्याकडं नाही.

ती गेल्यावर मी खुर्ची मागं घेतली.
किती पावलं, ते मोजलं नाही.
तिथं दुपारची सावली येत नाही,
म्हणून डोक्याला पंचा गुंडाळला
आणि बसलो.